गोऱ्या जावयाचा कान

अहो, ऐकलंत का? या, जरा अशा कुंपणाजवळ या. हळू बोला हं, गॅलरीत उभ्या आहेत त्या. झाडांना पाणी घालतायत म्हणे. ज्या कुंडीत गेल्या दिवाळीपासून झाडच नाही, तिलाही पाणी घालतात, आपण दोघी इथे दिसलो की!

तर, पिवळ्या बंगल्यातल्या काकूंची लेक. हो हो, न्यू जर्सीवाली. नवऱ्याला घेऊन आलीय, मूल दत्तक घ्यायला. तुम्ही नेमक्या तेव्हाच नाशिकला जाऊन बसलात, आणि इथे आख्ख्या गल्लीला दुसरा विषय नाही. त्यांचं ते ‘कारा’चं, म्हणजे दिल्लीच्या त्या दत्तक संस्थेचं रजिस्ट्रेशन, होम स्टडी, अमेरिकन सरकारचा तो आय-आठशे-ए फॉर्म, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. लेक म्हणाली, "आई, लग्नाच्या वेळी तुम्ही याची केली नाहीत एवढी चौकशी त्या होम स्टडीवाल्या बाईंनी आमची केली. पगार, कर्ज, आजारपणं, भांडण झालं की आधी कोण बोलतं…" काकू म्हणाल्या, "मग? आधी कोण बोलतं?" लेक गप्प. जावयाला मराठी कळत नाही ते एक बरं.

लेकीचं ओसीआय कार्ड म्हणून बाकीच्या परदेशी लोकांच्या आधी नंबर, तरी वाट बघावी लागलीच. मग एकदाचा पोर्टलवर फोटो आला. फोटो, मेडिकल रिपोर्ट आणि चाइल्ड स्टडी रिपोर्ट. मुलगी. तीन वर्षांची. वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला, ऑपरेशन झालंय, आता नुसती बारीक रेघ दिसते. आणि कुठली म्हणता? आपल्या पुण्यातलीच हो! म्हणजे लेक राहणार न्यू जर्सीत, कागद फिरणार दिल्लीत, आणि पोर इथून रिक्षानं वीस मिनिटांवर.

नाव? नाव नाही सांगणार. मला माहितीये, पण नाही सांगणार. दत्तकाची ऑर्डर व्हायचीय अजून. संस्थेनं बजावलंय, नाव नाही, फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही, कायद्यानं गुन्हा आहे. गॅलरीतल्या वहिनींनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी मी त्यांना ढोकळ्याची रेसिपी सांगायला लागले.

तर काय सांगत होते… हां, पहिली भेट. सगळ्यांना काय वाटलं होतं माहितीये? सिनेमात असतं ना, पोर धावत येणार, गळ्यात पडणार, मागे व्हायोलिन. संध्याकाळी कोण भाजीच्या निमित्तानं, कोण कचऱ्याच्या निमित्तानं, सगळ्या फाटकाशी. रिक्षा थांबली. लेक उतरली, कुणाकडे बघितलं नाही, तडक वर गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मागून जावई. हात खिशात. आणि काकूंचा चेहरा… अहो, मी त्यांना तीस वर्षं ओळखते, काका गेले तेव्हासुद्धा त्यांनी आल्यागेल्याला चहा विचारला होता. त्या दिवशी चहा नाही.

झालं काय, की पोरगी आली ती तिच्या मावशीच्या कडेवर. मावशी म्हणजे तिथल्या सांभाळणाऱ्या बाई, तान्ही आल्यापासून त्यांच्याच हाताखाली आहे. त्या पोरीनं एकदा लेकीकडे बघितलं, एकदा जावयाच्या दाढीकडे बघितलं, आणि मावशीच्या खांद्यात जे तोंड खुपसलं ते वेळ संपेपर्यंत वर काढलं नाही. लेकीनं नेलेली बाहुली तशीच, साबणाचे फुगे तसेच. सोशल वर्कर ताईंनी आधीच सांगितलं होतं, "सतरंजीवर बसून राहा. हात पुढे करायचे नाहीत, उचलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तिला बघू दे." बाई, बसून राहणं सोपं असतं का? दोन वर्षं जिची वाट बघितली…

आणि त्यात गंमत बघा. तेवढ्या वेळात दुसराच एक मुलगा आला, चारेक वर्षांचा. आला तो सरळ लेकीच्या मांडीवर बसला. घड्याळ बघितलं, कानातलं ओढलं, "आई" म्हणाला. जावयाच्या पायाला मिठी, काकूंच्या गळ्यात हात. मग दुसरे पाहुणे आले, तर त्यांच्याही गळ्यात! काकूंनी हे सांगितलं आणि गॅलरीवाल्या लग्गेच, "बघा! एवढा गोड मुलगा आपणहून येतोय, तर हाच का नाही घेत?" जुडी सुकलेली निघाली म्हणून मेथी बदलून घ्यावी तसं!

पण सोशल वर्कर ताई काय म्हणाल्या ऐका. त्या म्हणाल्या, "काळजी आम्हाला त्या मुलाची आहे, या मुलीची नाही." तो कुणालाही आई म्हणतो, कारण त्याचं असं एक माणूस त्याला कधी मिळालंच नाही. तीन संस्था फिरून आला बिचारा. ही मावशीला सोडत नाही, म्हणजे हिला माणूस धरता येतं. एकदा धरता आलं की दुसऱ्यांदाही येतं, वेळ लागतो. काकू घरी येऊन हे बोलल्या तेव्हा गॅलरीवाल्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पण हार मानतील तर शप्पथ. "पण तीन वर्षं म्हणजे उशीरच झाला ना," म्हणे.

आता त्यावर माझी भाची बोलली. एमएसडब्ल्यू आहे ना ती, रविवारी जेवायला आली होती. तिनं ते रोमानियाचं काढलं. चाउशेस्कूच्या काळातली ती अनाथालयं, आपण टीव्हीवर पाहिली होती बघा, एकेका खाटेवर गप्प बसलेली पोरं… रडतसुद्धा नव्हती, रडून कुणी येत नाही हे कळलेलं. तिथे बुखारेस्टमध्ये पुढे अमेरिकन संशोधकांनी मोठा अभ्यास केला, १३६ मुलं. निम्मी संस्थेत, निम्मी घरांमध्ये दिली. घरात गेलेली सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. गॅलरीवाल्या म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी!" भाची म्हणाली, "अहो मावशी, पण ही काही खाटेवर एकटी पडलेली नाही. हिला मावशी आहे." म्हणून तर ते पहिल्या दिवशीचं तोंड लपवणं चांगलं. लेकीला हे पटायला मात्र वेळ लागला. रोज जायची, रोज पोर मावशीमागे लपायची. परत येताना रिक्षात लेक रडायची आणि जावई खिडकीबाहेर बघायचा.

जावयाचं ऐका ना. खरी बातमी तीच आहे.

एवढा सहा फुटी माणूस, दाराच्या चौकटीशी उभा. आत येईना. सतरंजीवर बसेना. हात खिशातून काढीना. आधी सगळ्यांना वाटलं, दाढीला घाबरतात पोरं म्हणून. तेही खरंच आहे, तिथे सगळ्या बायकाच, ताया नाहीतर मावश्या. पुरुष म्हणजे गेटवरचे काका आणि गाडीवाले काका. काही पोरं तर शर्टपँट बघून भोकाड पसरतात. म्हणून यानं दाढी काढली. गोरा, गुलाबी, ओळखू येईना! पण तरी आपला दारातच. पोरीचं नावसुद्धा घेईना, ‘ती’ म्हणायचा. "हाउ इज शी टुडे?" बस्स.

झालं! गल्लीत पसरलं की जावयाच्या मनात नाही. कुणी पसरवलं ते मी सांगायला नको, दूधवाल्यानं मला विचारलं म्हणजे बघा! "साहेबांना नकोय म्हणे पोरगी?" आणि मग कळस. त्या गॅलरीतल्या, आपली कोजागरीची मिटिंग होती ना काकूंकडे, तिथे सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुरुष माणसाला वाटणारच हो. रक्त कुणाचं, जात कुठली, काही ठाऊक नाही…"

शांत. वाटीतल्या चमच्याचा आवाज नाही. आणि कोपऱ्यातनं आजी बोलल्या. काकूंच्या सासूबाई हो, नव्वदी पार, आपल्याला वाटतं त्यांना ऐकू येत नाही. म्हणाल्या, "जोतिबा-सावित्रीबाईंनी यशवंताला पदरात घेतलं, तेव्हाही या पुण्यात लोक हेच विचारत होते. दीडशे वर्षं झाली. तुम्ही अजून तिथेच?" आणि परत डोळे मिटले! अहो, मी दूध गिळूच शकले नाही. गॅलरीवाल्या लालबुंद. "मी आपलं सहज म्हटलं" म्हणत उठल्या, चप्पल उलटसुलट घालून गेल्या.

मी तेव्हाच म्हटलं होतं, जावयाचं काहीतरी वेगळं आहे. आणि निघालंच. काकूंनी मला सांगितलं, इथेच, जास्वंदीपाशी. त्याची थोरली बहीण आहे, ओहायोत. ती आणि तिचा नवरा रशियातून मूल घेणार होते. तिथली पद्धत अशी की आधी एकदा जायचं, बालगृहात रोज मुलाला भेटायचं, ओळख करायची, मग परत यायचं आणि कोर्टाची तारीख लागली की पुन्हा जायचं. ती २०१२ मध्ये गेली. दोन वर्षांचा मुलगा. रोज भेटली, भरवलं, त्याला खेळण्यातली मोटार चालवायला शिकवलं. निघताना म्हणाली, येते हं. तेवढं एक वाक्य रशियनमध्ये पाठ करून गेली होती.

आणि मग ते डिसेंबरचं. तुम्हाला आठवत असेल, पेपरात होतं. अमेरिकेनं मॅग्निट्स्की कायदा करून रशियाच्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले, तर रशियानं राग काढला कुणावर? पोरांवर! २८ डिसेंबरला पुतीनची सही, आणि १ जानेवारी २०१३ पासून रशियाचं एकही मूल अमेरिकन घरात जायचं नाही. कायद्याला नाव दिलं दीमा याकोव्हलेव्हचं. तोही दत्तक गेलेला पोरगा, बाप त्याला गाडीत विसरला आणि उन्हानं गेला बिचारा. वाईटच झालं ते, कोण नाही म्हणतंय? पण ज्यांची कोर्टाची ऑर्डर झाली होती ते कसेबसे सुटले, आणि ज्यांची नुसती भेट झाली होती… ते पोर तिकडे, या इकडे. आता पंधरा-सोळा वर्षांचा असेल. फ्रीजवर फोटो आहे म्हणे अजून. कुणी बोलत नाही, कुणी काढत नाही.

हा धाकटा भाऊ. त्यानं बहिणीचं ते सगळं बघितलंय. तो काकूंना म्हणाला, लेकीनं मराठीत सांगितलं, "सही होईपर्यंत मी तिला हात लावणार नाही. मला लावता येणार नाही." आता बोला! आणि आपल्याकडे म्हणे मनात नाही. आमच्या ह्यांनी त्यात भर घातली, "चीननं पण २०२४ मध्ये दार लावून घेतलं, मुलं ठरलेल्या घरांनासुद्धा नाही दिली." मी म्हटलं, तुम्ही हे त्याच्यापुढे बोलू नका, कृपा करा. हे लगेच दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी फाटकाशी त्याला गाठून लिसा स्थळेकर! "श्रीवत्समधली, आपल्या ससूनमधली! काही आठवड्यांची गेली, ऑस्ट्रेलियाची कॅप्टन झाली, आणि २०१३चा वर्ल्ड कप कुठे जिंकला? मुंबईत, ब्रेबॉर्नवर!" तो अमेरिकन. त्याला क्रिकेटमधलं काय कळणार? "वाव," म्हणाला आणि आत पळाला.

तर काय सांगत होते… कान. कानाचं सांगायचं राहिलंच की!

त्या मावशींना बाई मानलं मी. पोर आपल्याला सोडून जाणार, तर तोंड फिरवून बसतील की नाही? पण त्यांनी लेकीला एकेक शिकवायला घेतलं. "घास बारीक करा, ओठाच्या या बाजूनं द्या. वरणभात पातळ. एकदम गिळते, पंगतीत बसायची सवय, आपलं संपायच्या आत उरकायचं असतं त्यांना. झोपताना ट्यूब बंद करू नका, अंधार माहीत नाही तिला. आणि झोपताना ना, कान लागतो." कान? "हो, माझ्या कानाची पाळी धरून झोपते." लेकीनं आपल्या अंगाच्या वासाची ओढणी दिली त्यांना, पोरीच्या उशाला ठेवायला. अल्बम तर न्यू जर्सीहून आधीच आला होता, घर, हे दोघं, आजी, आणि त्यांचा कुत्रा. मावशी रोज दाखवायच्या. तर पोर लेकीशी पहिलं वाक्य बोलली ते काय? "भूभू कुठाय?" आई नको, बाप नको, भूभू! लेक हसता हसता रडली. म्हणाली, "घरी आहे. तुझी वाट बघतोय." त्यानंतर तिच्या हातून खाल्लं. मावशी मुद्दाम उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. मी बघितलं ना! त्या दिवशी डबा द्यायला गेले होते. घरच्यांनाच आत सोडतात, मी आपली बाहेर बाकावर. पण खिडकी उघडी होती हो.

आणि मग दुपारची वेळ. पोर पेंगुळलेली. मावशींनी तिला सतरंजीवर टेकवलं, लेक बाथरूमला गेली होती. दारातला माणूस तेवढ्यापुरता लक्ष ठेवायला खाली बसला. नुसता बसला, हात खिशात नव्हते पण पाठीमागे. पोरीनं अर्धवट डोळ्यांनी हात वर केला, चाचपलं, सापडला तो कान धरला. आणि झोपली! आता काय करतो? मान वाकडी, पाय दुमडलेला, हलेना. लेक आली, तिला खुणेनं थांबवलं. मावशी आल्या, त्यांनाही. मी खिडकीतनं बघतेय, कान लाल, डोळे लाल, माणूस पुतळा. पाऊण तास! उठला तेव्हा पायाला मुंग्या येऊन भिंतीला धरला. रिक्षात, काकू सांगतात, पहिल्यांदा पोरीचं नाव घेतलं त्यानं. चुकीचं उच्चारलं. कुणी सुधारलं नाही.

मग सगळं भराभर झालं. ‘कारा’ची एनओसी आली, त्यामुळे ऑर्डर होईपर्यंत फॉस्टर केअर म्हणून पोर घरीच ठेवायला मिळाली. ऑर्डर कोर्टाची की कलेक्टरची ते मला विचारू नका, २०२२ मध्ये बदलल्यापासून वकिलांमध्येसुद्धा दोन मतं असतात. ती झाली की पासपोर्ट, मग दिल्लीला व्हिसा, मग विमान. तिकडे उतरली की अमेरिकन नागरिक, आणि पुढची दोन वर्षं तिथून रिपोर्ट येत राहणार, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी.

घरात म्हणाल तर, पाणी प्यायलासुद्धा विचारते पोर. पोळीचा तुकडा उशीखाली सापडला, लेकीनं काही न बोलता तिथे बिस्किटांचा डबा ठेवला. त्याला हाक मारते ‘काका’! आजवर बघितलेले सगळे पुरुष काकाच ना. काकू कासावीस, सोशल वर्कर ताई म्हणाल्या राहू दे, आणि त्याला तर कोण आनंद.

आणि एक नियम आहे. भरवायचं, उचलायचं, कुशीत घ्यायचं ते फक्त आईबापानं. काही महिने तरी. नाहीतर तिला कळायचं कसं, यातलं आपलं माणूस कोण? मला पटलं. मी रव्याचे लाडू नेले ते लेकीच्या हातात ठेवले आणि मागे फिरले. गॅलरीवाल्या मात्र हात पसरून गेल्या, "ये गं, ये माझ्याकडे!" तर जावई मधे! वाकून, नमस्कार करून, "सॉरी, नो." चेहरा असा पडला त्यांचा… पण खरं सांगू? दुसऱ्या दिवशी कानटोपी विणून आणली, न्यू जर्सीच्या थंडीसाठी. कान झाकणारी. मी काही बोलले नाही.

बरं, मुख्य सांगायचंच राहिलं, तुम्हाला बोलावणं आहे. ऑर्डर झाली की बारसं! तीन वर्षांची पाळण्यात मावणार नाही, म्हणून काकूंचा झोपाळा सजवायचाय. नाव तेच राहणार, तिला ते कळतं, कशाला बदलायचं? पण आत्यानं कानात सांगायला हवं ना! तर ओहायोहून आत्या येतेय. तिकीट काढलं. काकूंनी फोन करून विचारलं तेव्हा म्हणे कितीतरी वेळ पलीकडून काही आवाजच आला नाही, मग म्हणाली, काय काय करावं लागेल ते लिहून पाठवा.

आता प्रश्न असा की गोऱ्या आत्याला ‘कुर्र’ म्हणता येणार का? गॅलरीवाल्या म्हणतात, त्यांचा र निराळा असतो, जमायचं नाही. मी म्हटलं, जमतं की नाही ते बघू. आज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल आहे, शिकवायला मला सांगितलंय. तुम्ही पण या. आणि येताना ती तुमची नारळाच्या बर्फीची रेसिपी आणा, बारशाला तीच करायचीय… अहो, बघा बघा, वळल्या पुन्हा! झारी घेऊन रिकाम्या कुंडीकडे!